उंदीर किती, हे कोण ठरवते?

आमच्या लहानपणी लालबागच्या चाळीत रात्रीची जेवणे आटोपली की एक ठरावीक काम असे. तारेच्या पिंजऱ्यात सुक्या बोंबलाचे डोके किंवा तळलेल्या पापडाचा तुकडा अडकवायचा आणि पिंजरा मोरीजवळ ठेवायचा. सकाळी बहुधा उंदीर सापडलेला असे. मग मजल्यावरची आम्ही चार-पाच मुले तो पिंजरा काठीला अडकवून वाजतगाजत खाली नेत असू आणि पलीकडच्या चाळीमागे जाऊन हळूच उघडत असू. पलीकडच्या चाळीतली मुले आपले पिंजरे कोठे उघडतात, याचा मात्र आम्ही कधी विचार केला नव्हता. एके दिवशी पहाटे ती आमच्याच जिन्याखाली पिंजऱ्यासह सापडली आणि सारा प्रकार उघडकीला आला. भांडण बरेच रंगले. पण भांडण मिटल्यावरही दोन्ही चाळींतल्या मोठ्या माणसांना एक कोडे सुटले नाही. वर्षानुवर्षे, जवळजवळ रोज एक उंदीर पकडला जात होता. तरी उंदीर होते तेवढेच होते. न कमी, न जास्त.

विद्यार्थी मित्रांनो, हे ‘न कमी, न जास्त’ शब्द ध्यानात ठेवा. आपल्या वस्तीतील उंदरांचे सगळे शास्त्र त्यांत दडलेले आहे.

एक नाव, अनेक प्राणी

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. ‘उंदीर’ या एकाच नावाखाली शहरात निदान चार प्रकारचे प्राणी वावरत असतात. काळा उंदीर अंगाने सडपातळ, मोठ्या कानांचा. त्याची शेपटी डोके आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षाही लांब असते. हा पट्टीचा चढणारा. माळा, छपराचे वासे, नारळाचे झाड ही त्याची आवडती ठिकाणे. तपकिरी उंदीर जाडजूड. त्याची शेपटी आखूड. तो गटारात राहतो आणि उत्तम पोहतो. जहाजांतून तो जगभर पसरला. बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल थाळ्या बसवलेल्या असतात, त्या उंदरांना दोरावरून ये-जा करता येऊ नये म्हणूनच.

तिसरी घूस. मोठी घूस तुम्ही पाहिली असेल. पण शहरात अधिक उपद्रव असतो तो छोट्या घुशीचा. शास्त्रज्ञ तिला बॅंडिकोटा बेंगालेन्सिस म्हणतात. ही मुळात शेतातली. मुंबई आणि कोलकाता येथील धान्याच्या गोदामांत मात्र तिने असा जम बसवला, की तेथे इतर उंदीर तिच्यापुढे मागे पडले. ती बिळे खोदण्यात तरबेज. फरशीखालची माती काढून काढून ती जमीन पोकळ करते आणि बिळात धान्याचा साठा करते. डिवचली तर अंगावरचे केस फुलवून गुरगुरते. चौथा तो पुस्तकांच्या कपाटात सापडणारा पिटुकला घरउंदीर. त्याचे वजन अवघे १५ ते २० ग्रॅम.

हे सगळे कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. तपकिरी उंदराचे दात झिजले नाहीत, तर वर्षाला दहा सेंटिमीटरपेक्षाही जास्त वाढतील. दाताची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असल्यामुळे कुरतडताना त्याला आपोआप पटाशीसारखी धार लागते. शिसे, ॲल्युमिनियम, कच्चा चुना यांचा त्या धारेपुढे टिकाव लागत नाही.

या यादीत चिचुंद्री नाही, हे तुमच्या लक्षात आले का? लांब सोंडेसारखे तोंड आणि उग्र वास असलेली चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती कीटकभक्षक आहे आणि घरातली झुरळे मटकावते. तिला उंदीर समजून मारणे म्हणजे फुकट काम करणारा गडी हाकलून देणे.

कागदावरचे उंदीर

आता थोडे गणित करू. तपकिरी उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत वीत देते. एका वितीला सहा ते नऊ पिले होतात, आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वयात येतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरून चालू, की प्रत्येक जोडीला दर तीन महिन्यांनी आठ पिले होतात, त्यांत निम्म्या माद्या असतात, आणि एकही उंदीर मरत नाही. म्हणजे दर तीन महिन्यांनी संख्या पाचपट होणार. दोनाचे दहा, दहाचे पन्नास, पन्नासाचे अडीचशे, आणि वर्ष संपता संपता १,२५०. असेच आणखी एक वर्ष जाऊ द्या. वहीत स्वतः करून पाहा. उत्तर येते ७,८१,२५०.

एका जोडीपासून दोन वर्षांत पावणेआठ लाख! अशी आकडेमोड अनेक ठिकाणी छापलेली आढळते आणि ती वाचून लोक घाबरतात. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. हे पावणेआठ लाख उंदीर आहेत कोठे? आमच्या चाळीत तर उंदीर पन्नास वर्षांपासून होते. या गणिताने चाळ केव्हाच उंदरांखाली गाडली जायला हवी होती. ती गेली नाही, याचाच अर्थ जन्मणाऱ्या पिलांपैकी बहुतेक जगत नाहीत. त्यांना अडवणारा पिंजरा नसतो, मांजरही नसते. अन्न आणि जागा पुरत नाही, म्हणून ती मरतात, नाहीतर जन्मतच नाहीत.

कोणत्याही वस्तीत किती उंदीर राहू शकतील, हे तिथले खाणे आणि लपायच्या जागा ठरवतात. या मर्यादेला त्या जागेची धारणक्षमता म्हणतात. समजा, एका गल्लीची धारणक्षमता ८० उंदरांची आहे आणि आपण मोठी मोहीम काढून ४० मारले. उरलेल्या ४० उंदरांपुढे आता ८० जणांचे ताट वाढलेले आहे. मारामाऱ्या कमी, पोट भरलेले, अधिक माद्या गाभण आणि अधिक पिले जगणारी. मर्यादा ठरलेली असेल, तेव्हा संख्येची वाढ तिच्या निम्म्यावर सर्वांत वेगाने होते, असे गणित सांगते. म्हणजे निम्मे मारून थांबणे हे उंदरांच्या पथ्यावरच पडते!

बाल्टिमोरचा अनुभव

हे नुसते कागदावरचे गणित नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते प्रत्यक्ष वस्तीत पडताळून पाहिले. डेव्हिड डेव्हिस, जॉन एम्लेन, ॲलन स्टोक्स ही त्यांतली काही नावे. त्या शहरात चारी बाजूंना रस्ते आणि मध्ये घरे व परसे, असे गट आहेत. उंदीर पकडून, खुणा करून पुन्हा सोडल्यावर असे आढळले, की तेथील तपकिरी उंदीर आपल्या गटातच राहतो. रस्ता ओलांडून पलीकडे क्वचितच जातो. त्याचे सारे आयुष्य तीस-चाळीस मीटरच्या टापूत निघून जाते. मग काही गटांतले बरेच उंदीर पकडून काढून घेतले आणि पुढे काय होते ते पाहिले. साधारण वर्षभरात संख्या पहिल्या आकड्याजवळ येऊन पोचली आणि तेथेच थांबली.

याच्या उलट प्रयोगही झाला, आणि तो मला अधिक मौजेचा वाटतो. १९५६ साली डेव्हिस आणि त्यांचे सहकारी जॉन ख्रिश्चन यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी काही गटांत बाहेरचे उंदीर आणून सोडले होते. संख्या वाढेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती वाढली तर नाहीच, उलट घटली. परक्यांच्या येण्याने सगळ्या वसाहतीची घडी विस्कटली. हे वाचले तेव्हा मला आमचे पिंजरे आठवले. पलीकडच्या चाळीत उंदीर सोडून आम्ही त्यांचे फारसे नुकसान केले नसावे. आणि स्वतःचा फायदा तर मुळीच केला नव्हता.

संख्या खाली येऊन खालीच राहिली, ती मात्र जेथे कचऱ्याच्या डब्यांना झाकणे बसली, मोडके कुंपण आणि अडगळ हलवली गेली, भिंतींची भोके बुजवली गेली, त्या गटांत.

मांजराचे काय, असे कोणी विचारील. त्याच शहरात १९८०च्या दशकात जेम्स चाइल्ड्स यांनी पाहणी केली. मांजरे लहान उंदीर मारतात. पूर्ण वाढलेल्या दांडग्या उंदराच्या वाटेला सहसा जात नाहीत. घुशीसमोरून मान वळवून जाणारा बोका आपल्याकडेही पाहायला मिळतो.

हाऊस गल्लीतले ताट

आता आपल्या वस्तीकडे वळू. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या पाठीला पाठ लावून जी अरुंद बोळकांडी असते, तिला हाऊस गल्ली म्हणतात. मोऱ्यांचे आणि संडासांचे नळ तीत उतरलेले असतात. ती मुळात सफाईसाठी ठेवलेली. पण वरच्या खिडकीतून खाली भिरकावलेली प्रत्येक वस्तू तीतच पडते.

एका इमारतीत ४० बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येक घरातून रोज ५० ग्रॅम उरलेसुरले अन्न गल्लीत पडते, असे समजा. ५० ग्रॅम म्हणजे मूठभर भात. रोजचे झाले दोन किलो. मोठ्या उंदराला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम कोरडे खाणे लागते. म्हणजे ८० उंदरांची सोय झाली! भातात पाणीच अधिक, म्हणून ८० ऐवजी ३० धरा. तरी रोज एक उंदीर पकडणारा पिंजरा तेथे काय करणार? शिवाय कबुतरांसाठी टाकलेले दाणे, कुत्र्यांसाठी ठेवलेली पोळी, वाण्याच्या दुकानामागची फाटकी पोती यांची गणती आपण केलेलीच नाही.

मुंबई महानगरपालिकेचे मूषक संहारक हातात काठी आणि विजेरी घेऊन रात्रपाळीत अशा गल्ल्यांतून हिंडतात. एका रात्रीत तीस उंदीर मारलेच पाहिजेत, अशी अट त्यांच्यावर अनेक वर्षे होती. अंधारात, घाणीत, वरून काय पडेल याचा नेम नसताना केलेले हे काम अवघड आणि जोखमीचे आहे. त्यांनी मारलेल्या तिसांची जागा भरून काढण्याचे काम आपण वरच्या खिडकीतून करत असतो.

विषाची गोष्ट

“मग जहाल विष घाला की!” असे आमच्या शेजारचे काका नेहमी म्हणत. पण उंदीर मोठा संशयी. ओळखीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की तो दोन-चार दिवस तिला शिवत नाही. शिवलाच तर किंचित चाखून पाहतो. पोटात दुखले तर पुन्हा त्या चवीच्या वाटेला जात नाही. त्याला उलटी होत नाही, म्हणून ही सावधगिरीच त्याचे संरक्षण. झटकन परिणाम करणारी विषे त्यामुळे अनेकदा फसतात.

यावर जो तोड निघाला तो एका शेतकऱ्यामुळे. १९३३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली गाय आणि डबाभर रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. ते रक्त गोठतच नव्हते. गायीने बुरसटलेला चारा खाल्ला होता. अनेक वर्षे खपून लिंक यांच्या गटाने त्या चाऱ्यातले दोषी द्रव्य वेगळे केले. त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झाले आणि १९४८ पासून ते उंदरांवर वापरात आले. के जीवनसत्त्वाच्या (‘क’ नव्हे!) कामात ते अडथळा आणते, त्यामुळे रक्त गोठत नाही. परिणाम काही दिवसांनी होत असल्याने उंदराला खाण्याचा संशय येत नाही. गंमत अशी, की हेच द्रव्य अगदी अल्प प्रमाणात माणसांना औषध म्हणून दिले जाते, शरीरात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

आता उंदीर संपणार, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. दहा वर्षांत, १९५८ साली, स्कॉटलंडमध्ये वॉरफरिन पचवणारे उंदीर आढळले. मग त्याहून जहाल विषे आली; आणि असे विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला तर तेही मरू लागले. एक घुबड आपण मारतो, तेव्हा त्याने खाल्ले असते ते सगळे उंदीर जगवतो.

येथे एक सूचना. उंदरांचे विष हे माणसाचेही विष आहे. विद्यार्थ्यांनी त्याला हात लावू नये. ते कोठे, किती ठेवायचे हे पालिकेच्या किंवा प्रशिक्षित माणसांचेच काम. चुकून कोणाच्या पोटात गेले, तर त्रास होत नसला तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

उंदीर पडू लागले

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्राने काय सोसले, ते तुम्ही इतिहासात वाचले आहे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. घरे धुतली, सामान जाळले, माणसांना ओढून छावण्यांत नेले. पण रोग नेमका कशातून येतो हे सरकारला कळत नव्हते. खेड्यातल्या लोकांना मात्र एक गोष्ट माहीत होती. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे मरून पडू लागले, की घर सोडून रानात झोपडी बांधायची.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने त्यामागचे कारण शोधले. प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर त्याने काचेच्या बरणीत ठेवला. शेजारी जाळीत एक निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी निरोगी उंदरालाही प्लेग झाला. सिमाँचे म्हणणे प्रथम फारसे कोणी मानले नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ते पक्के सिद्ध झाले. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरचे वाचले. पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही!

म्हणून प्लेगचा संशय असताना आधी उंदीर मारायचे नसतात. आधी पिसवा मारायच्या असतात. उंदीर मेला, अंग थंड पडले की उपाशी पिसवा दुसरे अंग शोधतात. वस्तीत उगाचच बरेच उंदीर मरून पडलेले दिसले, तर त्यांना न शिवता पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवावे. ही जुनी गोष्ट नव्हे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यात मामला गावच्या लोकांनी भीतीने घरे सोडली, धान्य घरांतच राहिले. १९९४ मध्ये तेथे उंदीर पडले, आणि मागोमाग गाठीचा प्लेग आला. रिकामी घरे आणि भरलेली पोती. धारणक्षमतेचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आज शहरात जास्त भीती लेप्टोस्पायरोसिसची आहे. त्याचे मळसूत्री जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि मूत्रातून बाहेर पडतात. उंदीर स्वतः धडधाकट असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारे आणि बिळे यांचे पाणी रस्त्यांवर एक झाले, आणि नंतरच्या आठवड्यांत मुंबईत या रोगाची साथ आली. पायाला खरचटलेले असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ नका. जावेच लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवा, आणि डॉक्टरांना विचारा. वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी हा रोग टाळता येतो. पुढच्या दिवसांत ताप आला, तर पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगा.

तुमच्या इमारतीची पाहणी

हे काम तीन-चार विद्यार्थ्यांनी शिक्षक किंवा पालकांना बरोबर घेऊन करावे. पायांत बूट, हातांत रबरी मोजे आणि एक काठी हवी.

प्रथम इमारतीचा आणि हाऊस गल्लीचा कच्चा नकाशा काढा. दिसतील ती बिळे त्यावर दाखवा. भिंतीच्या कडेने तेलकट काळपट पट्टा दिसला तर तोही दाखवा. उंदीर रोज अंग घासत त्याच वाटेने जातो, त्याचा तो डाग. संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडात काठीने वर्तमानपत्राचा बोळा सरकवा. दुसऱ्या दिवशी सकाळी किती बोळे बाहेर ढकललेले आहेत ते मोजा. तेवढीच बिळे वापरात आहेत, बाकीची जुनी. हा आकडा तारखेसह लिहून ठेवा. त्याच वेळी आठवडाभर, कोणत्या कोपऱ्यात काय खाणे पडते याची नोंद करा. कोणत्या खिडकीतून पडते, हे नकाशावर लिहू नका, नाहीतर भांडणे होतील. पण मनात ठेवा.

यानंतर क्रम चुकवू नका. आधी खाणे बंद: झाकणाचा डबा, आणि रात्रीऐवजी सकाळी बाहेर काढलेला कचरा. ताट उचलले गेले की पालिकेच्या माणसांनी ठेवलेले आमिष उंदीर लवकर खातात. उंदीर कमी झाल्यावर बिळे बुजवायची, फुटक्या काचा आणि सिमेंट घालून. हे काम गवंड्याचे. उंदीर भरपूर असताना बिळे बुजवली तर ते घरांत शिरतात. लहान उंदीर बारा-तेरा मिलिमीटरच्या भोकातून आत येतो आणि पिटुकला तर सहा मिलिमीटरच्या. मोरीच्या तोंडाची जाळी पट्टीने मोजून पाहा. बहुतेक घरांत ती नापास होते. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकून घ्या. आणि शेजारच्या इमारतीतल्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, कारण गल्ली दोघांची एकच असते.

दर महिन्याला त्याच पद्धतीने बोळे लावून मोजा आणि आलेख काढा. पहिली मोजणी डिसेंबर-जानेवारीत केलेली बरी. जूननंतर बिळांत पाणी शिरते, उंदीर जागा बदलतात, आणि आकडा एकदम उतरतो. तो उतार पावसाचा असतो, आपल्या कामाचा नसतो. पुढच्या डिसेंबरचा आकडा आला, म्हणजे तो मागच्या डिसेंबरच्या आकड्याशी ताडून पाहा.